फौजदारांची फेरनेमणूक

मुलीसाठी स्थळ बघताना मुलगा नोकरीला आहे ना, एवढी खात्री वडिलांनी केली की पुढे बाईला त्यात लक्ष घालावं लागत नाही, अशी माझी समजूत होती. माझ्या वडिलांनी ती खात्री नीट केली होती. मुलगा पोलिसात होता. पण पोलिसातला मुलगाही एक दिवस निवृत्त होतो आणि मग सकाळ-दुपार-संध्याकाळ आपल्याच घरात बसतो, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. त्यामुळे साठीला टेकलेल्या नवऱ्याला नोकरी लावायचं काम माझ्यावर येऊन पडलं.

आमच्या ह्यांचं नाव कुशाबा घाडीगावकर. शिपाई म्हणून लागले, फौजदार होऊन निवृत्त झाले. करी रोडला आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात चौदाव्या मजल्यावर आम्ही दोघं राहतो. दुपारी हॉलमध्ये मी पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. आता हॉल एकच, आणि त्याच हॉलमध्ये खिडकीशी एक निवृत्त फौजदार पेपर वाचत बसलेला. पहिला आठवडा त्यांनी नुसतं निरीक्षण केलं. मग तपास सुरू झाला.

एका मुलाने नेहमीप्रमाणे सांगितलं, "बाई, वही घरी राहिली." मी "उद्या आण" म्हणणार, तेवढ्यात पेपर खाली आला.

"घरी म्हणजे कुठे?"

"कपाटात."

"कपाटाला कुलूप असतं?"

"नाही."

"म्हणजे वही कोणीही हलवू शकतं. शेवटची कोणी पाहिली?"

मुलगा बघता बघता फुटला. गृहपाठ केलाच नव्हता हे त्याने कबूल केलं. परवा पोटात दुखत नव्हतं, मामाबरोबर मॅच बघायला गेलो होतो, हेही कबूल केलं. आणि पप्पा गच्चीत लपून सिगारेट ओढतात, हे तर कोणी विचारलेलं नसताना सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून पप्पांनी त्याला दुसऱ्या क्लासला घातलं. त्याच्या मागोमाग आणखी काही मुलं गेली. आमच्या भागात बऱ्याच पप्पांना गच्ची असावी.

शिकवण्यांपुरतंच असतं तर मी गिळलं असतं. पण ह्यांची हद्द वाढत गेली. खाली लिफ्टजवळ उभं राहून हे पार्सलवाल्या पोरांना थांबवायचे. कोणाकडे चाललास, पिशवीत काय आहे, आधी कुठे कामाला होतास. नवव्या मजल्यावरच्या सीमाची बिर्याणी वर पोचेपर्यंत इतकी गार व्हायची की तिने शेवटी घरी भात लावायला सुरुवात केली. एकदा आमच्या फ्रिजमधलं श्रीखंड कमी झालं, तर ह्यांनी रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून समोरच्या ब्लॉकमधल्या डिमेलोंना, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींना, झोपेतून उठवून आणलं. ते बिचारे लुंगीवर उभे राहून "श्रीखंडाचा डबा, अर्धा, झाकण तिरकं" असं ऐकत होते. तपासाअंती निष्पन्न झालं की श्रीखंड ह्यांनीच खाल्लं होतं आणि विसरले होते. डिमेलोंनी विचारलं, "मग आता अटक कोण कोणाला करणार?" ह्यांना ते आवडलं नाही.

सल्ले मात्र मला भरपूर मिळाले. सीमा म्हणाली, हास्यक्लबात पाठवा. मी पाठवलं. तिथे हे एकटेच हसले नाहीत आणि विनाकारण हसणाऱ्या बाकीच्यांकडे संशयाने बघत बसले. सातव्या मजल्यावरचे राजारामभाऊ म्हणाले, "वहिनी, गावाक धाडा. आंब्याच्या कलमांची राखण करतीत." मी म्हटलं, गावात माझे सासरे-दीर आहेत, त्यांनी माझं काय वाकडं केलंय? डिमेलोंचं पहिलं नाव ॲलॉयशियस असं भारदस्त, पण सल्ला अगदी साधा. "वहिनी, असा माणूस मॉलमध्ये सिक्युरिटी ऑफिसर पाहिजे. एसी आहे, युनिफॉर्म आहे, नि तो घरापासून लांब आहे." शेवटच्या मुद्द्यावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला.

अशात एक दिवस सीमाने मोबाइलवर बातमी पाठवली. पोलिसांचं मनुष्यबळ कमी पडतंय, म्हणून निवृत्त अधिकाऱ्यांना कंत्राटावर परत घेणार. बातमीखाली तिने हात जोडल्याची चित्रं टाकली होती, ओळीने.

मी ती बातमी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ह्यांनी पेपरची नीट घडी घातली. मग म्हणाले, "खात्याला गरज असेल तर खातं बोलवील."

"अहो, खातं प्रत्येकाच्या घरी येऊन बोलावणार आहे का? अर्ज करायचा असतो."

"मी अर्ज करूचंय नाय." मानाला धक्का लागला की ह्यांची भाषा थेट मालवणात जाऊन उभी राहते. "इतकी वर्सां काम केलंय. आता दारात जावन उभो रवू? घेवा हो माका, घेवा?"

विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता. मी दुसऱ्या दिवशी त्यांची कागदपत्रं पिशवीत घातली आणि आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेले. ह्यांची शेवटची नेमणूक माहीमला होती, त्यामुळे इथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. टेबलाशी अजित नावाचे कारकून होते. त्यांच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात फोन, आणि तिसरा टेबलावर वाजत होता.

"पोलीस व्हेरिफिकेशन लागेल," ते म्हणाले.

"अहो, ते पोलीसच होते."

"होते ना. आता नाहीत."

हे मला पटलंही आणि लागलंही. मी विचारलं, "त्यात काय बघता?"

"कुठल्या पोलीस ठाण्यात त्यांच्या नावाची काही नोंद आहे का ते."

"पुष्कळ ठिकाणी आहे. नोंदी तेच करायचे."

अजितनी हातातला एक फोन खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, मेडिकल फिटनेस लागेल, फोटो लागेल, दोन शेजाऱ्यांचे जबाब लागतील आणि अर्जावर त्यांची सही लागेल. सहीपाशी मी अडकले. नवऱ्याची सही आपण करणं हा कोणत्या कलमाखाली गुन्हा होतो, ते मला घरीच तोंडपाठ करवून घेतलेलं आहे. अजित म्हणाले, "ठीक आहे, व्हेरिफिकेशनला माणूस येईल तेव्हा घेईल सही."

मेडिकलसाठी ह्यांना "नेहमीचं चेकअप" म्हणून डॉक्टर अभयकडे नेलं. ह्यांचं प्रेशर तरुण पोरासारखं निघालं. "वहिनी, आलाच आहात तर तुमचंही बघू," डॉक्टर म्हणाले, आणि गोळी मला लिहून दिली.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात एक पोलीस शिपाई उभा होता. विशी-पंचविशीचा, किडकिडीत, डोळे लाल. नाव सम्यक. बूट काढून आत आला. ह्यांची मुद्रा अशी खुलली की मला वाटलं आता ओवाळतात की काय. त्यांचा समज झाला की ठाण्यातल्या पोरांना कुठून तरी कळलंय आणि कोणी तरी मार्गदर्शन घ्यायला आलंय.

"बस. पट्टा सैल आहे तुझा. आणि टोपी अशी काखेत धरायची नसते. बोल, कुठली केस अडली?"

सम्यकने माझ्याकडे बघितलं. मी पाचवीच्या मुलांच्या वह्यांकडे बघितलं.

"सर, केस नाही. व्हेरिफिकेशन आहे. कुशाबा घाडीगावकर तुम्हीच ना? कंत्राटी नेमणुकीचा अर्ज आलाय तुमचा."

हे माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माका न इचारता?"

एवढंच. मग उठून गॅलरीत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. बावीस बिऱ्हाडांच्या चाळीत ज्या माणसाच्या शिट्टीने नळावरची भांडणं थांबायची, त्याची पाठ मी कधी अशी वाकलेली बघितली नव्हती. सम्यक हळूच म्हणाला, "मी नंतर येऊ का?"

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. "नंतर कशाला? आलास तर नियमाने कर. शेजाऱ्यांचे जबाब घे. माझ्यासमोर घ्यायचे नाहीत, पॅसेजमध्ये घे."

आमच्या पॅसेजमध्ये दोन घरं सोडून कोणी शिंकलं तरी आम्ही 'जीवेत शरदः शतम्' म्हणतो. दार उघडंच होतं. आणि जबाब द्यायला दोन शेजारी लागत होते, तर शिपाई वर गेलाय हे कळून निम्मा टॉवर आला. सीमा नवव्या मजल्यावरून जिन्याने चढून आली, कारण लिफ्टसाठी थांबायचा तिला धीर नव्हता.

"देवमाणूस," सीमा म्हणाली. "अशी माणसं खात्यात पाहिजेत. लवकरात लवकर पाहिजेत."

"एकदम ऑनेस्ट," डिमेलो म्हणाले. "स्वतःच्या घरात पंचनामा करणारा माणूस मी दुसरा बघितला नाय. डे ड्यूटी द्या. पूर्ण डे."

त्यांच्या बायकोने, जसिंताने, तर डोळ्यांना पदर लावला. "आमचा तो आधार हाय. पर पब्लिकचं काम पयलं. आमी करू सहन."

राजारामभाऊंनी हात जोडून सांगितलं, की ह्या माणसाक घरात बसवणा म्हणजे सरकारचा नुकसान. सम्यक भराभर लिहून घेत होता. एवढ्या एकमुखी जबाबांची त्याला सवय नसावी, अधूनमधून तो चक्रावून वर बघत होता. मला मनातून हसू येत होतं. काम फत्ते झालं होतं.

मी आत वळले तर हे गॅलरीच्या दारात उभे. डोळे भरलेले.

"ऐकलंस? माका वाटायचा लोक कंटाळले माका." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, दारात आले आणि सगळ्यांना हात जोडले. "तुमचा एवढा जीव आहे माझ्यावर, हे मला माहीतच नव्हतं. तुम्हाला उघड्यावर टाकून मी जाणार नाही. सम्यक, लिहून घे. नोकरी नको. माझी गरज इथे आहे."

सीमा भिंतीला टेकली. डिमेलो एवढंच म्हणाले, "जिझस."

दुसऱ्या दिवसापासून हे प्रेमाने वागू लागले. ते जास्त कठीण होतं. संशयाने अडवणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. हे आता पार्सलवाल्या पोराला थांबवायचे, सीमाने धीर करून पुन्हा मागवलेली बिर्याणी स्वतःच्या हाताने तिच्याकडे पोचवायचे आणि तिथे बसून, दाराला कुठली कडी बसवावी यावर बोलत राहायचे. बिर्याणी समोर गार होत असायची. लोक मला लिफ्टमध्ये गाठून म्हणायचे, "काकी, काहीतरी करा." मी काय करणार? खरं सांगायचं म्हटलं तर त्या सगळ्यांनी रचलेलं ते कौतुक मोडावं लागलं असतं. रोज सकाळी दाढी करताना हे शीळ घालायला लागले होते. मला ते मोडवेना.

आठवडा गेला असेल. दुपारी शिकवणी चालू होती. तिला शिकवणी म्हणावं इतकी मुलं अजून उरली होती. बेल वाजली आणि पुन्हा सम्यक. "सर, नको असेल तर तसं लेखी लागतं. रुपाली मॅडमनी पाठवलंय." रुपाली मॅडम म्हणजे तिथल्या फौजदार. हे म्हणाले, बस, चहा घे, देतो लिहून. मी चहा टाकला. हे चष्मा शोधायला आत गेले.

चहा घेऊन बाहेर आले तर सम्यक सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला होता. मान मागे टाकून, तोंड उघडं, एक हात मांडीवरच्या टोपीवर. मी हाक मारली. हे आतून आले, त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"काल बंदोबस्त होता," हे कुजबुजले. "सकाळी मी दूध आणायला गेलो तेव्हा हा नाक्यावर उभा होता. घरी गेलाच नसणार."

मुलांना त्यांनी हाताने खूण केली. पावकीचे पाढे ओठांतल्या ओठांत सुरू झाले. हे सम्यकसमोर खुर्ची ओढून बसले आणि बघत राहिले. कागद-पेन हातात तसंच. त्यांच्या मनात काय चाललं होतं मला ठाऊक नाही. पण त्यांनीही आयुष्यात बसल्या बसल्या खूप झोपा काढल्यात, आणि कोणाच्या घरी सोफा मिळाला असेल असं मला वाटत नाही.

तेवढ्यात सम्यकचा फोन वाजला. आवाज होऊ नये म्हणून ह्यांनी तो झटकन उचलला. पलीकडून बाईचा आवाज मला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ऐकू आला.

"सम्यक, कुठे आहेस तू? त्या आजी सकाळपासून थांबल्यात. नवरा हरवलाय, विसरभोळा आहे. मला शोधायला निघायचंय आणि ठाण्यात बसायला माणूस नाही. सगळे मोर्च्यावर गेलेत. लवकर ये."

हे उभे राहिले. "घाडीगावकर बोलतोय," ते म्हणाले. "येतो."

फोन सम्यकच्या खिशात सरकवला आणि चालू लागले. अंगात सदरा, खाली निळ्या पट्ट्यांचा पायजमा. दारात नुसतं चाचपडून पायाला जे लागलं त्यात पाय घातले. ते सम्यकचे बूट होते. मी "अहो! अहो!" करत लिफ्टपर्यंत गेले, तोवर लिफ्ट गेली. माझा नवरा पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यावर सरकारी तांबडे बूट घालून भर दुपारी करी रोडच्या रस्त्याने निघाला होता.

जसिंताला हाक मारली, मुलं आणि झोपलेला शिपाई तिच्या ताब्यात दिला, ह्यांची इस्त्रीची पँट पिशवीत कोंबली आणि मी धावले.

मी पोचले तेव्हा ठाण्यात हे मोठ्या टेबलामागे नव्हते. टेबलाच्या बाजूला, बाकावर बसले होते, एका म्हाताऱ्या बाईशेजारी. ती चिंचपोकळीची होती. हातात नवऱ्याची टोपी घट्ट धरलेली. रुपाली मॅडम निघायच्या तयारीत होत्या. चेहरा ओढलेला, टेबलावर डबा न उघडता पडलेला.

"सर, तुम्ही आलात ते ठीक," त्या अवघडून म्हणाल्या, "पण तुम्हाला अजून अधिकार नाहीत. तुम्ही काही लिहून घेऊ शकत नाही."

"मॅडम," हे उभे राहून म्हणाले. पोरीच्या वयाच्या बाईला त्यांनी सावधान होऊन मॅडम म्हटलं, त्या पायजम्यात. "लिहिणार नाही. लिहायला अजित आहेत. मी फक्त थांबतो. तुम्ही जा."

त्या गेल्या.

पुढे जे घडलं त्यात ऐकण्यासारखं काही नाही, आणि तरी मी ते विसरणार नाही. लोक येत होते. कोणाचा मोबाइल गेला होता, कोणाचं पार्किंगवरून भांडण. एकाने पायजम्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कोण?" हे म्हणाले, "मी थांबलोय. तुम्हीपण बसा." तो बसला. दुसरा ओरडत आला, ह्यांनी त्याला पाणी दिलं. प्यायला तेवढा वेळ तो गप्प राहिला, आणि मग ओरडायचं विसरला. म्हातारी मध्येच रडायला लागली की हे तिच्या बाजूला जाऊन बसायचे. तपास नाही, उलटतपास नाही. ती म्हणाली, "भाऊ, मिळंल का हो?" हे म्हणाले, "मॅडम गेल्यात." मिळेल असं त्यांनी सांगितलं नाही. पण तिला ते पुरलं.

मी पँटची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते. अर्ज करायला आले तेव्हा मला फक्त हा माणूस दुपारचा घरातून जायला हवा होता. घरातून निघून तो कुठे जातो, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

मध्येच दार आपटून सम्यक आत आला, घामाघूम, पायात आमच्या बाथरूमच्या गुलाबी सपाता. "सर, सॉरी सर, कोणी उठवलंच नाही!" हे म्हणाले, "आधी तोंड धू."

आणि मग रुपाली मॅडमची गाडी आली. म्हातारा सापडला होता. चिंचपोकळीच्या पुलाखाली एका वर्कशॉपबाहेर स्टुलावर बसून वेल्डिंग बघत होता, वर्कशॉपवाल्यांनी त्याला भजीही दिली होती. म्हातारी ताडकन उठली. "मेल्या, जीव घेशील माझा एक दिवस!" असं म्हणून तिने त्याच्या डोक्यावर टोपी घातली, खाली ओढून नीट बसवली, आणि मग त्याचा हात काही सोडेना. ह्यांनी तोंड फिरवलं. सम्यकही भिंतीवरच्या नकाशात काहीतरी शोधायला लागला.

रुपाली मॅडमनी डबा उघडला. दुपार कधीच टळली होती. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "सर, ते नको म्हणून लिहून द्यायचं राहिलं तुमचं."

ह्यांनी अजितकडे हात केला. अजितनी अर्ज पुढे सरकवला आणि ह्यांनी सही केली. वर्दी मिळणार नव्हती, कंत्राट वर्षाचं होतं, आणि खुर्ची जी मिळाली तिचा एक हात मोडका होता. हे सगळं अजितनी वाचून दाखवलं, खुर्चीचं सोडून. ती दिसतच होती. हे तिच्यावर बसले, बूट सम्यककडे सरकवले, सपाता घातल्या आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाले, "बोला." मग माझी आठवण झाली.

"तू घराक जा," ते म्हणाले. "माका येळ लागतलो."

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. मुलीच्या बारशाला ऐकलं, गणपतीच्या प्रत्येक वर्षी ऐकलं, माझी आई गेली त्या दिवशी फोनवर ऐकलं. दर वेळी मी भांडले, आणि दर वेळी माझंच बरोबर होतं, हे आजही सांगते. पण त्या दिवशी मला भांडावंसं वाटलं नाही. मी उठले, पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"सावकाश या," मी म्हटलं. "पँट तेवढी बदला."